जग गरीब का आहे? कारणं आणि लक्षणं यांची गल्लत होतेय का?

सांजवेळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

भाचीला कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत 'जागतिक दारिद्र्य : कारणे व उपाय' हा विषय आलाय. बोलायला पाच मिनिटं. तिने कारणांची यादी करून मला तपासायला दिली : लोकसंख्यावाढ, निरक्षरता, भ्रष्टाचार, आळस, नैसर्गिक आपत्ती, युद्धे. मी शाळेत असताना निबंधात हीच यादी लिहायचे, क्रमसुद्धा जवळपास हाच!

पण आता वाचताना खटकलं. यातली निम्मी मला कारणं वाटतच नाहीत, लक्षणं वाटतात. लोक निरक्षर आहेत म्हणून गरीब, की गरीब आहेत म्हणून निरक्षर? हे तिला म्हटलं, तर ती म्हणाली, "मावशी, मग खरं कारण तू सांग." तिथे माझी बोलती बंद झाली. इथे अभ्यासू लोक आहेत, म्हणून धागा काढतेय. स्पर्धा शनिवारी आहे.

---

निरुद्योगी

यादीत 'आळस' पाहून ऊर भरून आला. माझ्याइतका आळशी माणूस गरीब नाही, त्याअर्थी सिद्धांतात कुठेतरी गडबड आहे. (हलकेच घ्या.)

---

तळटीप

सांजवेळ, तुमची शंका रास्त आहे. एकेक घेऊ.

लोकसंख्या. १९६० च्या सुमारास दक्षिण कोरियात एका बाईला सरासरी सहा मुलं होत होती. २०२३ मध्ये हा आकडा ०.७२ वर आला, आणि आता तिथे माणसं कमी पडतायत म्हणून सरकार हवालदिल आहे. बांगलादेशातही सत्तरच्या दशकात सहाच्या वर असलेला दर आता दोनच्या आसपास आहे. मुलं जगायला लागली, मुली शाळेत गेल्या, म्हातारपणाची काठी म्हणून चार मुलगे असण्याची गरज संपली, की कुटुंबं आपोआप लहान होतात. लोकसंख्येचा भार नसतोच असं मी म्हणत नाही, पण बाण दोन्ही बाजूंनी जातो.

निरक्षरता. गेल्या पन्नास-साठ वर्षांत आफ्रिकेतल्या बहुतेक देशांत शाळेत जाणाऱ्यांचं प्रमाण खूप वाढलं. उत्पन्न मात्र त्या मानाने सगळीकडे वाढलं नाही. शिकून करायचं काय, याचं उत्तर शाळेबाहेर असतं.

भ्रष्टाचार. दक्षिण कोरिया आणि चीन यांची भरभराट झाली तेव्हा तिथे काही रामराज्य नव्हतं.

आळसाबद्दल निरुद्योगींनी वर पुरावा दिलेलाच आहे.

---

खडूस आजोबा

वा! भ्रष्टाचाराला एका ओळीत निर्दोष सोडलंत. मोबुटूचं नाव ऐकलंय का? १९६५ ते १९९७, बत्तीस वर्षं काँगोवर राज्य. जमिनीखाली तांबं, कोबाल्ट, हिरे, आणि वर राहणारी प्रजा जगातल्या सर्वांत गरीब लोकांत. या गृहस्थाने ग्बाडोलिते नावाच्या आपल्या गावात जंगल तोडून राजवाडे बांधले आणि काँकॉर्डसारखं स्वनातीत विमान उतरेल एवढी लांब धावपट्टी केली. हे काय लक्षण म्हणायचं? हा रोग आहे, साक्षात रोग.

---

भटकी

आजोबा, धावपट्टी त्याचीच, पण तिला पैसे पुरवणारे कोण होते? शीतयुद्धात हा आपल्या बाजूचा म्हणून पाश्चात्त्य सरकारं त्याला कर्ज देत राहिली. तो गेला, कर्ज मागे उरलं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं, त्यांच्या डोक्यावर.

आणि कॅरिबियनमधल्या हैतीचं कोणी बोलणारच नाही का? १८०४ मध्ये गुलामांनी बंड करून देश स्वतंत्र केला. १८२५ मध्ये फ्रान्सने बंदरात युद्धनौका उभ्या केल्या आणि मागणी केली : आमच्या मळेवाल्यांचं नुकसान झालं, १५ कोटी फ्रँक भरा, तर मान्यता देऊ. मळेवाल्यांच्या 'नुकसानी'त खुद्द ती माणसंही धरली होती! म्हणजे गुलामांनी स्वतःचीच किंमत मालकाला द्यायची. पुढे १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आणली, पण पहिला हप्ता भरायलाच फ्रान्सच्याच बँकेकडून कर्ज काढावं लागलं होतं. त्या देण्याची शेपटं १९४७ पर्यंत फिटत होती. शाळा, रस्ते, बंदरं यांसाठी जो पैसा लागला असता तो सव्वाशे वर्षं समुद्रापार गेला. आता सांगा, तिथलं दारिद्र्य कोणाच्या आळसाचं?

---

अर्धविराम

हैतीचं हे माहीतच नव्हतं. सुन्न.

---

उलटतपासणी

मला प्रश्नच उलटा वाटतो. गरिबीला कारण कशाला लागतं? दोनशे वर्षांपूर्वी जवळजवळ सगळं जगच गरीब होतं. कारण शोधायचं ते श्रीमंतीचं. काही देश त्या खड्ड्यातून वर कसे आले, हे कळलं की बाकीचे का राहिले ते कळेल.

आफ्रिकेतला बोट्सवाना पाहा. १९६६ ला स्वतंत्र झाला तेव्हा देशात १२ किलोमीटर पक्का रस्ता आणि २२ पदवीधर होते. चारी बाजूंनी जमीन, समुद्र नाही, बराचसा भाग वाळवंट. वर्षभरात हिरे सापडले. काँगोचे हिरे शाप ठरले, यांचे वरदान. का? अध्यक्ष सेरेत्से खामांनी खनिजांचे हक्क जमातींकडून काढून देशाच्या नावावर केले, आणि गंमत म्हणजे पहिलं मोठं घबाड त्यांच्याच जमातीच्या भागात होतं. हिऱ्यांच्या पैशातून शाळा, दवाखाने, रस्ते झाले. पुढची कित्येक दशकं त्या देशाची अर्थव्यवस्था जगातल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्यांपैकी होती.

२०२४ चं अर्थशास्त्राचं नोबेल अ‍ॅसेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन यांना मिळालं ते याच विषयावर : संस्था. मूठभरांसाठी ओरबाडणारी व्यवस्था की सगळ्यांना वाव देणारी. भटकींचं हैती आणि आजोबांचा मोबुटू दोन्ही त्याच खात्यात जमा होतात.

---

भटकी

@उलटतपासणी, खड्डा नैसर्गिक होता हे मान्य करू. पण काही जण वर चढताना दुसऱ्यांच्या खांद्यावर पाय देऊन चढले, एवढं मात्र लिहून ठेवा. आणि बोट्सवानातली विषमता आजही जगातल्या सर्वांत जास्त विषमतांपैकी आहे, तेही.

---

उलटतपासणी

लिहून ठेवलं. दोन्ही.

---

वाटसरू

ते 'अतिदारिद्र्य म्हणजे दिवसाला अमुक डॉलर' असतं ना? आता तीन डॉलर केलंय म्हणे. आपल्या पैशात केलं तर बऱ्यापैकी होतात की! एवढ्यात गरीब देशात आरामात भागेल.

---

तळटीप

वाटसरू, ही चूक सगळेच करतात. ते डॉलर बँकेच्या विनिमय दराने बदलायचे नसतात. तीन डॉलरमध्ये अमेरिकेत जेवढं विकत येईल, तेवढंच तुमच्या देशात घेता येईल इतके पैसे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे स्वस्त मिळतं हा हिशेब त्यात आधीच धरलेला आहे. अमेरिकेत तीन डॉलरमध्ये दिवस काढून दाखवा, घरभाडं, औषधं, कपडे सगळं धरून.

जागतिक बँकेची ही दारिद्र्यरेषा सुरू झाली ती १९९० मध्ये, एक डॉलरने. मग १.२५, १.९०, २.१५ आणि जून २०२५ पासून ३. रेषा वर गेल्यावर एका रात्रीत गरिबांची संख्या वाढली, माणसं होती तीच. या नव्या रेषेने मोजलं तर १९९० मध्ये जगात सुमारे २३० कोटी लोक तिच्याखाली होते, आज ८० कोटींच्या आसपास. तेव्हा त्यांतले बहुतेक आशियात होते. आता निम्म्याहून जास्त सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आहेत.

---

निरुद्योगी

म्हणजे धाग्याच्या शीर्षकातला 'जग गरीब का आहे' हा प्रश्न १९९० मध्ये विचारायला हवा होता. सांजवेळ, तुम्हाला पस्तीस वर्षं उशीर झाला. आळस!

---

कोरा कागद

बरेच दिवस वाचनमात्र होतो. आज लिहावंसं वाटलं.

आम्ही गरीब नव्हतो. गरीब *झालो*. वडिलांची नोकरी होती, घर स्वतःचं होतं. मी नववीत असताना त्यांचं मूत्रपिंडाचं दुखणं सुरू झालं. पहिल्या वर्षात साठवलेलं गेलं, दुसऱ्या वर्षी आईचं सोनं, तिसऱ्या वर्षी घर. वडील चौथ्या वर्षी गेले. व्याज राहिलं. मोठ्या बहिणीचं शिक्षण सुटलं ते सुटलंच. वरच्या यादीतलं एकही कारण आम्हाला लागू पडत नव्हतं. आम्ही निरक्षर नव्हतो, आळशी नव्हतो, दोनच भावंडं होतो.

अजून एक गोष्ट, जी बाहेरून कळत नाही. गरिबी महाग पडते. पैसेवाला महिन्याचं एकदम भरतो, त्याला स्वस्त पडतं. आम्ही रोजचं रोज, पुडीपुडीने, जास्त भावात. त्याला बँक कर्ज देते, आम्हाला सावकार, महिन्याला शेकडा पाचने. दुखणं अंगावर काढायचं, कारण तपासणीला पैसे नाहीत, आणि मग तेच दुखणं दसपट खर्चाचं होऊन उभं राहतं. डोक्यात सतत एकच हिशेब चालू असतो, त्यामुळे दुसरं काही सुचतच नाही. लोकांना तो 'आळस' दिसत असावा.

---

सांजवेळ

कोरा कागद, काय लिहू कळत नाहीये. लिहिलंत याबद्दल आभार.

---

तळटीप

कोरा कागद यांनी लिहिलंय त्याला संशोधनाचा भक्कम आधार आहे. अनिरुद्ध कृष्णा नावाच्या अभ्यासकाने भारत, केनिया, युगांडा, पेरू इथल्या गावांत घरोघर जाऊन विचारलं : वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तुम्ही कुठे होतात, आज कुठे आहात? ज्या काळात काही कुटुंबं गरिबीतून बाहेर पडत होती, त्याच काळात त्याच गावांत दुसरी कुटुंबं आत पडत होती. आणि आत पडण्याच्या कारणांत जवळपास सगळीकडे आजारपण आणि त्याचा खर्च आघाडीवर.

आपण फक्त एकूण आकडा पाहतो. हौद गळका असेल तर वरून कितीही ओता. वर येण्याची कारणं वेगळी (नोकरी, सिंचन, शहरातलं काम) आणि घसरण्याची वेगळी. एकाच उपायाने दोन्ही होत नाही.

---

खडूस आजोबा

कोरा कागद, वाचून वाईट वाटलं. सरकारी दवाखाना नीट असता तर घर वाचलं असतं, हे मला मान्य. पण म्हणून लोकांच्या हातात फुकट पैसे ठेवायचे ही जी नवी टूम निघाली आहे, ती मला साफ नामंजूर. संध्याकाळी सगळे गुत्त्यावर.

---

रेघोट्या

आजोबा, मी तीन वर्षं सर्वेक्षणाचं काम केलंय, त्या अनुभवावरून लिहिते. (संस्थेचं नाव घेणार नाही.)

आमच्या संस्थेने एका वस्तीत दीडशे बायकांना शिलाई मशीन दिली. फोटो निघाले, भाषणं झाली. वर्षभराने मी मोजायला गेले तर चालू मशीन अकरा. बाकीची विकलेली, काही पलंगाखाली. एका बाईंनी मला हसत विचारलं, "एका वस्तीत दीडशे शिंपिणी. कपडे कोणाचे शिवायचे, एकमेकींचे?" वितरणाआधी हा प्रश्न आम्ही कोणीच विचारला नव्हता. अहवालात मी 'अकरा' लिहिलं, वरून दुरुस्त होऊन आलं : 'दीडशे लाभार्थी'.

आता दारूचं. जागतिक बँकेच्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये जगभरातले असे अभ्यास गोळा करून पाहिले. रोख मदत मिळाल्यावर दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं जवळजवळ कुठेच दिसलं नाही, काही ठिकाणी तर तो कमी झाला. केनियात गवताच्या छपराखाली राहणाऱ्या कुटुंबांना एकरकमी पैसे दिले, तर अनेकांनी काय केलं? पत्रा घातला. बाहेरून बघणाऱ्याला ती चैन वाटते. पण गवत पुन्हापुन्हा बदलायला लागतं, पत्रा वर्षानुवर्षं टिकतो. हा हिशेब त्यांना येत होता, पत्र्याएवढे पैसे एकदम कधी हातात आले नव्हते इतकंच.

---

अर्धविराम

'एकमेकींचे?' हे वाचून हसू आलं आणि मग हसल्याची लाज वाटली.

---

निरुद्योगी

ते मुलांच्या चक्राचे पंपही आठवले. दक्षिण आफ्रिकेतून निघालेली कल्पना : पोरं गोल गोल खेळणार आणि त्यावर पाणी उपसलं जाणार. देणगीदार खूश, कॅमेरे खूश. पोरं मात्र पाणी भरायच्या वेळेला खेळेनात! मग बायका बिचाऱ्या ते चक्र हाताने ढकलत बसल्या. साधा हातपंप बरा होता. आळशी माणसाला आधी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की खेळ सक्तीचा झाला की काम होतो.

---

खडूस आजोबा

हातपंपाशी सहमत. पण पैसे वाटले की भाव वाढतात, हे तरी खरं ना?

---

रेघोट्या

तेही तपासून झालंय. केनियातच ६५३ गावांत मोठा प्रयोग झाला, साडेदहा हजारांवर कुटुंबांना प्रत्येकी सुमारे हजार डॉलर. भाव नगण्य वाढले. उलट, दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे त्या भागातली उलाढाल अडीच डॉलरच्या आसपास वाढली, आणि ज्यांना पैसे मिळाले नव्हते त्यांचाही धंदा चालला.

अर्थात सगळीकडे असंच होईल असं नाही. मालच पोचत नसेल, रस्ताच नसेल, तर भाव चढणारच.

---

उलटतपासणी

रोख मदतीला माझा विरोध नाही, पण पत्र्याच्या छपराने कोरिया होत नाही. चीनमध्ये चाळीस वर्षांत सुमारे ८० कोटी लोक अतिदारिद्र्यातून बाहेर आले, ते काही देणग्यांवर नाही. १९७८ मध्ये आन्हुई प्रांतातल्या शाओगांग गावात अठरा शेतकऱ्यांनी रात्री चोरून एका कागदावर अंगठे उठवले : सामुदायिक जमीन आपसांत वाटून कसायची, सरकारचा वाटा भरून उरलेलं ज्याचं त्याने ठेवायचं. पकडले गेलो तर उरलेल्यांनी पोरं सांभाळायची, असंही त्यात लिहिलं. माणसं तीच, जमीन तीच, पण पुढच्या हंगामात पीक कैक पटींनी वाढलं. आदल्या वर्षीपर्यंत हेच लोक 'आळशी' होते.

कोरिया आणि तैवानमध्येही आधी जमीन कसणाऱ्याच्या नावावर झाली, कारखाने मागून आले.

---

तळटीप

आणि मधला मार्गही आहे. बांगलादेशातल्या ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेने २००२ मध्ये अगदी तळाच्या कुटुंबांसाठी योजना काढली : एक गाय किंवा शेळ्या, सुरुवातीचे काही महिने पोटापुरती रोख रक्कम, बचतीची सोय, आणि दर आठवड्याला विचारपूस करणारा माणूस. दोन वर्षांत मदत बंद. सहा देशांत दहा हजारांवर कुटुंबांवर चाचणी झाली (निकाल २०१५), आणि मदत थांबल्यावर वर्षभरानंतरही बहुतेक ठिकाणी फरक टिकून होता. त्या मानाने नुसतं छोटं कर्ज, ज्याचा एकेकाळी फार गाजावाजा झाला, त्याने काहींचा धंदा वाढला पण गरिबी हटल्याचं दिसलं नाही. आधीच कर्जात असलेल्याला आणखी कर्ज, कोरा कागद यांना विचारा.

---

कोरा कागद

नको, विचारू नका. :)

---

भटकी

एक उपाय कोणीच घेतला नाही. माणसाला जाऊ द्या! अर्थतज्ज्ञ ब्रँको मिलानोविच यांचा हिशेब आहे की जगातल्या माणसामाणसांच्या उत्पन्नातला निम्म्याहून जास्त फरक तो कोणत्या देशात राहतो एवढ्यावरून ठरतो. तोच गवंडी, तेच हात, सीमा ओलांडली की मजुरी कैक पट. परदेशी गेलेले लोक घरी जे पैसे पाठवतात ते सगळ्या श्रीमंत सरकारांच्या एकत्रित मदतीपेक्षा किती तरी जास्त असतात. त्यातही सरासरी सहा टक्क्यांच्या वर पाठवणावळीत जातात. २०३० पर्यंत ती तीन टक्क्यांखाली आणू असं सगळ्या देशांनी २०१५ मध्ये कबूल केलंय. कोणाला दान करायला नको, समारंभ नको, नुसती दलाली कमी करा.

---

शब्दवेडा

अवांतर, पण राहवत नाही. 'गरीब' हा मूळ अरबी शब्द, अर्थ परका, परदेशी माणूस. आणि 'दरिद्र' हा संस्कृत 'द्रा' म्हणजे पळणे या धातूवरून आलेला : इकडून तिकडे भटकत राहणारा. दोन्ही भाषांना गरीब माणूस म्हटल्यावर पैसे नसलेला आठवला नाही, जागा नसलेला आठवला. भटकींच्या प्रतिसादावरून सुचलं.

---

भटकी

म्हणजे माझ्या आयडीचा अर्थ दरिद्री. धन्यवाद हं.

---

निरुद्योगी

शब्दवेडा, तुमचं अवांतरच सर्वांत कमी अवांतर होतं.

---

सांजवेळ

रविवार आहे, वृत्तांत देते.

तुमचे सगळे प्रतिसाद भाचीला वाचायला दिले. ती शुक्रवारी रात्री वैतागली : "एवढं सगळं पाच मिनिटांत कसं सांगू?" शेवटी तिने हैती, शाओगांगचा कागद आणि गळका हौद एवढंच घेतलं. (कोरा कागद, तुमच्या घरची गोष्ट सांगितली नाही, काळजी नसावी.) तिसरा क्रमांक आला. परीक्षकांचा शेरा : 'मांडणी चांगली, परंतु लोकसंख्यावाढीचा उल्लेख राहिला.'

---

खडूस आजोबा

परीक्षकाला माझा नमस्कार सांगा. आणि ते 'आळस' यादीत ठेवलं की काढलं?

---

सांजवेळ

काढलं, आजोबा. त्या जागी 'आजारपण' घातलं.

---

निरुद्योगी

निर्दोष सुटलो. आता झोपतो.